नखावरची रेघ नेमकं काय सांगते? आडवी, उभी, पांढरी, काळी, सगळं सोप्या भाषेत

सध्या मोबाईल उघडला की एक तरी व्हिडिओ असा येतोच ज्यात कुणीतरी नखाचा क्लोजअप दाखवून सांगत असतं, हा ठिपका म्हणजे कॅल्शियम कमी, ही रेघ म्हणजे किडनी बिघडली, चंद्र दिसत नाही म्हणजे अंगात रक्तच नाही. मग घरातला प्रत्येकजण आपली बोटं उजेडात धरून बघत बसतो आणि प्रत्येकाला काही ना काही सापडतंच.

मी ह्या विषयाच्या मागे लागले ते माझ्या ताईमुळे. तिला न्यूमोनिया झाला होता, आठ दिवस ॲडमिट होती, ताप उतरता उतरत नव्हता. बरी होऊन घरी आली, कामाला लागली, आणि बऱ्याच दिवसांनी एकदा दोन्ही अंगठे माझ्यासमोर धरून म्हणाली, "अगं हे बघ, दोन्हीकडे सारखीच खाच पडलीये, मी तर कुठे आपटलं पण नाही." बोट फिरवून बघितलं तर नखाच्या मधोमध, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी घळ खरंच हाताला लागत होती. बाकीच्या बोटांवर पण होती, फक्त पुसट. तिला वाटलं आता हा कुठला नवीन आजार सुरू झाला. डॉक्टरांनी अंगठा हातात घेतला, मुळापासून खाचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं, सहा मिलिमीटर भरलं, आणि विचारलं, "तीनेक महिन्यांपूर्वी काही मोठं आजारपण झालं होतं का?" फाईल तर आम्ही अजून पिशवीतून काढलीच नव्हती.

हे त्यांना कसं कळलं ते समजलं की नखांचं अर्धं शास्त्र समजलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

## नख बनतं कुठे?

आपल्याला जे दिसतं ते नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रोटीनचे दाबून बसवलेले थर, केसात असतं तेच हे प्रोटीन. हा भाग मेलेला असतो, म्हणून कापला तरी दुखत नाही. जिवंत कारखाना आहे तो नखाच्या मुळाशी, कातडीच्या आत लपलेला. त्याला मॅट्रिक्स म्हणतात, आपण नखाचं मूळ म्हणू. अंगठ्यावर जो पांढुरका चंद्र दिसतो तो ह्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग. आणि नखाच्या खालची गुलाबी कातडी म्हणजे नखाची गादी, तिच्यातल्या रक्तामुळे नख गुलाबी दिसतं. नख स्वतः जवळजवळ पारदर्शक असतं, खिडकीच्या काचेसारखं.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. म्हणजे हाताचं पूर्ण नख नवीन यायला सुमारे ६ महिने लागतात आणि पायाच्या अंगठ्याचं १२ ते १८ महिने. विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी तर स्वतःच्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी दर महिन्याला खूण करून ती टोकापर्यंत पोचायला किती दिवस लागतात हे तब्बल ३५ वर्षं मोजलं. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं आणि ६७ व्या वर्षी ०.०९५. एवढा धीर कुणाकडे असतो सांगा, मला तर त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

## प्रिंटरमधून निघणारा कागद

आता डोळ्यासमोर प्रिंटर आणा. मूळ म्हणजे प्रिंटर आणि नख म्हणजे त्यातून हळूहळू बाहेर येणारा कागद. छपाई चालू असताना क्षणभर लाईट गेली तर त्या जागी कागदावर एक आडवा पट्टा कोरा राहतो, पुढचं परत नीट छापलं जातं, आणि तो कोरा पट्टा कागदाबरोबर पुढे सरकत जातो. पण प्रिंटरच्या आतच एका ठिकाणी चरा पडलेला असेल तर कागदावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ येत राहते, आणि चरा आहे तोपर्यंत येतच राहणार.

नखाचं तंतोतंत असंच. आडवी खूण म्हणजे कधीतरी एकदा घडलेली गोष्ट. उभी रेघ म्हणजे मुळात एका जागी सतत चालू असलेली गोष्ट.

ताईच्या नखावरची खाच आडवी होती. १८४६ साली बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ह्या खाचांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना बो रेषा म्हणतात. मोठा ताप, गंभीर इन्फेक्शन, मोठं ऑपरेशन, केमोथेरपी, अशा वेळी शरीर आपली ताकद जगण्यासाठी वापरतं आणि नख बनवण्याचं काम मागे पडतं. तेवढ्या दिवसांचं नख पातळ बनतं, तीच ती खाच. मूळ कातडीच्या आत असल्यामुळे खाच बाहेर दिसायलाच महिनाभर जातो, म्हणून आजारपण आणि नख ह्यांचा संबंध कुणाच्या डोक्यातच येत नाही. डॉक्टरांनी साधा हिशेब केला: सहा मिलिमीटर म्हणजे दोन महिने, अधिक आतला एक महिना. लहान मुलांमध्ये तर हात, पाय आणि तोंडावर फोड येणाऱ्या त्या व्हायरल आजारानंतर महिना-दीड महिन्याने कधीकधी अख्खी नखं सुटून येतात आणि आईबापांच्या काळजाचं पाणी होतं, पण मुळाला इजा झालेली नसते, नवीन नखं छान येतात.

## आधी मोजा, एक नख की सगळी?

कुठलीही खूण दिसली की तिचं नाव शोधण्याआधी हा प्रश्न विचारावा असं माझं ठाम मत झालंय. एकाच नखाला काही झालं असेल तर कारण बहुतेक वेळा त्या बोटातच असतं, मार लागलाय, दारात बोट चेंगरलंय, नखुरडं झालं होतं, फंगस आहे, कुरतडायची सवय आहे. दहाही नखांवर सारखंच दिसत असेल तर कारण शरीराच्या आत शोधायला हवं, किंवा मग दहाही बोटं ज्या गोष्टीत बुडतात त्या गोष्टीत, म्हणजे सतत पाणी, साबण, केमिकल. (एका नखाच्या बाबतीत एक मोठा अपवाद आहे, काळी रेघ, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, तो भाग कृपया वगळू नका.)

दुसरा प्रश्न, खूण पुढे सरकतेय का? महिन्याभराने परत बघा. सरकली असेल तर ती नखात आहे आणि एक दिवस टोकाला जाऊन कापली जाणार. जागच्या जागी असेल तर ती गादीत तरी आहे किंवा मुळात तरी.

## पण पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे तर लहानपणापासून ऐकतोय

हो, मी पण ऐकलंय, आणि ते चूक आहे. नखात कॅल्शियम अगदीच नावाला असतं, नखाचा कडकपणा केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो. ते पांढरे ठिपके बहुतेक वेळा मुळाला लागलेल्या बारीकसारीक मारामुळे येतात, टेबलावर बोटं आपटणं, नखाजवळची कातडी ढकलणं किंवा ओढणं. मार लागला तेव्हा आपलं लक्षही नव्हतं आणि ठिपका वर येईपर्यंत आठवडे गेलेले असतात, म्हणून कारण सापडत नाही आणि दोष कॅल्शियमवर जातो. लहान मुलांची बोटं सारखी कुठे ना कुठे आपटत असतात म्हणून त्यांच्यात हे ठिपके जास्त. काही करू नका, सरकत जातील.

चंद्राचंही तसंच. चंद्र म्हणजे मुळाचा दिसणारा भाग एवढंच, कुणाचा कातडीखाली झाकलेला असतो, करंगळीवर तर बऱ्याच जणांना दिसतच नाही. जन्मापासून नसेल तर त्यात काळजीचं काही नाही. वयानुसार नखावर उभ्या बारीक रेषा उठून दिसायला लागतात, त्या पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्याच समजा.

## नख चमच्यासारखं खोलगट झालं तर

निरोगी नख किंचित फुगीर असतं, पाण्याचा थेंब टाकला तर ओघळून जातो. काही जणांचं नख पातळ होत होत मधे खोलगट होतं आणि कडा वर उचलल्या जातात, इतकं की थेंब त्यात तसाच बसून राहतो. ह्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं लोह कमी होणं. (तान्ह्या बाळांची नखं काही काळ अशी असू शकतात, ते नॉर्मल आहे.)

लोक इथे एक मोठी चूक करतात ती म्हणजे मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करणं. गोळ्या वाईट नाहीत, पण टाकीतलं पाणी कमी झालं तर नळ सोडायच्या आधी टाकी कुठे गळतेय का ते बघायला नको का? पाळीत खूप रक्त जाणं हे बायकांमध्ये नेहमीचं कारण, पण पुरुषांमध्ये आणि पाळी बंद झालेल्या बायकांमध्ये लोह कमी झालं तर पोटात किंवा आतड्यात कुठे थेंब थेंब रक्त जातंय का हे तपासायलाच लागतं, अल्सर असू शकतो, कधीकधी आतड्याचा कॅन्सर असतो आणि पहिली खूण फक्त हीच असते, लोह कमी. आणि उलटही लक्षात ठेवा, लोह कमी असलेल्या बहुतेकांची नखं दिसायला ठीकच असतात, नख खोलगट होईपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात. थकवा, धाप, चक्कर असेल तर नखाची वाट बघू नका, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती शिल्लक आहे ते सांगणारी तपासणी.

## बोटांची टोकं फुगायला लागली तर

ह्याला डॉक्टर क्लबिंग म्हणतात आणि नखांच्या सगळ्या खुणांमध्ये ही सगळ्यात जुनी, अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या लिखाणात हिचा उल्लेख आहे. ह्यात बोटाचं टोक गोल आणि जाड होत जातं आणि नख घड्याळाच्या काचेसारखं फुगतं. मुळाशी दाबलं तर नख स्पंजवर तरंगल्यासारखं वाटतं. अजिबात दुखत नाही आणि इतकं सावकाश होतं की ज्याची बोटं त्यालाच कळत नाही.

घरी बघायची एक पद्धत आहे. दोन्ही हातांची सारखीच बोटं, म्हणजे तर्जनीला तर्जनी, नखाला नख पाठीला पाठ लावल्यासारखी जुळवा आणि उजेडासमोर धरा. नखांच्या मुळांपाशी पतंगाच्या आकाराची छोटीशी फट दिसली पाहिजे, तिच्यातून उजेड येतो. क्लबिंग असेल तर ती फट बुजते. ही युक्ती दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरोथ ह्यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि ती त्यांना सुचली स्वतःच्याच बोटांवरून. त्यांना हृदयाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन झालं होतं, त्यात त्यांची ती फट बुजत गेली आणि बरं झाल्यावर परत उघडली, हे त्यांनी स्वतः बघितलं.

का होतं असं? सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं की रक्तातल्या प्लेटलेट ज्या मोठ्या पेशींपासून बनतात त्या पेशी एरवी फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तुटतात, चहा गाळणीत चोथा अडकावा तशा. फुफ्फुस बिघडलं किंवा हृदयातल्या दोषामुळे रक्त फुफ्फुसाला वळसा घालून गेलं की त्या अख्ख्याच्या अख्ख्या बोटांच्या टोकापर्यंत जातात, तिथे अडकतात आणि वाढीला चालना देणारी रसायनं सोडतात. म्हणून क्लबिंगच्या मागे बहुतेकदा फुफ्फुसाचा कॅन्सर, फुफ्फुसातला जुना पू किंवा फायब्रोसिस (म्हणजे फुफ्फुसात व्रण पडून ते कडक होणं), जन्मजात हृदयदोष असं काहीतरी निघतं, कधी लिव्हरचा किंवा आतड्याचा जुना आजार. काही घराण्यांत ते पिढीजातही असतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही, वडिलांची आणि काकांची बोटं बघितली की कळतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. अनेक वर्षं सिगरेट ओढणाऱ्यांना जो दम्यासारखा फुफ्फुसाचा आजार होतो, सीओपीडी, त्यात सहसा क्लबिंग होत नाही. त्यामुळे अशा माणसाची बोटं फुगायला लागली तर "त्यांना दमा आहेच ना" म्हणून सोडून देऊ नका, फुफ्फुसात दुसरं काही वाढतंय का ते बघायला हवं.

## एकाच नखावरची काळी रेघ

हाच तो अपवाद. आपली कातडी जितकी सावळी तितक्या नखांवर तपकिरी-काळ्या उभ्या रेघा येण्याची शक्यता जास्त, वयाबरोबर त्या वाढतातही, आणि तीन-चार बोटांवर तशा रेघा वर्षानुवर्षं असतील तर ते नॉर्मल असतं. पण मोठ्या माणसाच्या एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवीन रेघ आली, ती रुंद होत चालली, ३ मिलिमीटरच्या वर गेली, रंग एकसारखा नाही, कडा अस्पष्ट, किंवा काळा रंग नखाच्या बाहेर आजूबाजूच्या कातडीवर उतरला, तर कातडीच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. मेलानोमा नावाचा कॅन्सर नखाच्या मुळात असा सुरू होतो. सावळ्या माणसांना मेलानोमा एकूण कमी होतो हे खरं, पण ज्यांना होतो त्यांच्यात तो तळहात, तळपाय आणि नखाखाली होण्याचं प्रमाण मोठं असतं, आणि उन्हाचा ह्याच्याशी फारसा संबंध नसतो.

गायक बॉब मार्लीच्या बाबतीत हेच झालं. पायाच्या अंगठ्याला फुटबॉल खेळताना लागलंय असं आधी वाटलं होतं, १९७७ मध्ये नखाखाली मेलानोमा असल्याचं निघालं आणि १९८१ मध्ये तो गेला, वय फक्त ३६.

मग मार लागून साकळलेलं रक्त आणि हे, फरक कसा कळणार? परत तोच प्रश्न, सरकतंय का? साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे जातं आणि त्याच्या मागे मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागतं. मुळातून येणारी रेघ मुळाला चिकटूनच राहते. पण पायाचं नख इतकं सावकाश वाढतं की वाट बघण्यात महिने जातात, त्यामुळे मार लागल्याचं स्पष्ट आठवत नसेल तर वाट बघू नका.

## बाकीचे रंग, थोडक्यात

नख ही काच आहे म्हटलं ना, मग खालच्या गादीचा रंग बदलला की नखाचा बदललेला दिसतो. लिव्हर सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होतं तेव्हा, जवळजवळ सगळं नख पांढरं आणि टोकाला फक्त एक गुलाबी-तपकिरी पट्टी. किडनीच्या जुन्या आजारात अर्धं पांढरं, अर्धं तपकिरी. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन खूप कमी झालं तर पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या जोड्या, ज्या दाबल्या की नाहीशा होतात आणि पुढे सरकत नाहीत कारण त्या गादीत असतात. इथे घाबरून जाऊ नका, ह्या आजारांत नखाच्या आधी किंवा बरोबर बाकी लक्षणंही असतात, फक्त नखावरून किडनी गेली असं कुणी ठरवत नाही.

नखं आणि ओठ एकदम निळे पडले, सोबत धाप लागतेय, तर हॉस्पिटल, त्याच क्षणी.

आणि शिवणाच्या अंगठीवर असतात तसे बारीक खड्डे नखावर दिसले तर सोरायसिसची, म्हणजे कातडीवर लालसर खवले येणाऱ्या आजाराची, शंका घ्यावी. कातडीवर फारसं काही नसलं तरी नखात दिसू शकतो, आणि ज्यांच्या नखात असतो त्यांना सांध्यांचा सोरायसिस होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे सकाळी बोटं आखडत असतील तर डॉक्टरांना हे दोन्ही एकत्र सांगा.

## पायाचं नख जाड आणि पिवळं झालंय, फंगसच ना?

बऱ्याचदा हो, पण प्रत्येक वेळी नाही. सोरायसिस, घट्ट बुटांचा सततचा दाब, वय, ह्यानेही नख असंच दिसतं, आणि फंगसच्या गोळ्या ह्यातल्या कशावरच चालत नाहीत. म्हणून आधी नखाचा कीस काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, मग गोळ्या. त्या हाताच्या नखासाठी साधारण ६ आठवडे आणि पायासाठी १२ आठवडे घ्याव्या लागतात, लिव्हरवर लक्ष ठेवून. आणि कोर्स संपला तरी नख खराबच दिसतं, कारण जुना कागद अजून प्रिंटरमधून पूर्ण बाहेर पडलेला नसतो. लोक इथेच हरतात, औषध लागू पडलं नाही म्हणून डॉक्टर बदलतात.

## मग बायोटिन घेऊ का?

नखं तुटतात म्हणून बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन, घेणारे खूप आहेत. ठिसूळ नखांचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे दिवसातून अनेकदा भिजणं आणि सुकणं, त्यावर हातमोजे आणि भांडी-कपडे झाल्यावर क्रीम हाच खरा उपाय. थायरॉईड आणि लोह एकदा बघून घ्या. बायोटिनचा ठिसूळ नखांना उपयोग होतो ह्याला पुरावा थोडाच आहे, आणि एक धोका मात्र नक्की आहे जो पाकिटावर ठळक लिहिलेला नसतो. जास्त डोसच्या बायोटिनमुळे काही रक्त तपासण्या चुकीच्या येतात. थायरॉईडचे आकडे उलटेसुलटे दिसतात आणि हार्ट ॲटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये ह्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. घेत असाल तर रक्त देताना सांगायला विसरू नका.

## डॉक्टरकडे जाताना

नेलपॉलिश काढून जा, हातांची आणि पायांची, सगळ्या बोटांवर बघितलं तरच एक की सगळी ते कळणार. जेलचं किंवा चिकटवलेलं नख असेल तर ते पण. ऑपरेशनच्या आधी नेलपॉलिश काढायला सांगतात त्यामागेही हेच आहे, गादीचा रंग दिसला पाहिजे आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपला नीट वाचता आलं पाहिजे.

तिथे पहिला प्रश्न येतो, "हे कधीपासून आहे?" आणि आपण सगळे तिथे अडखळतो. म्हणून काही वेगळं दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, आणि महिन्याने परत तस्साच काढा. ताईने तेच केलं. पहिल्या फोटोत खाच सहा मिलिमीटरवर आहे आणि दुसऱ्यात नऊवर, आणि मागचं सगळं नख गुळगुळीत.